ऊन एक, थर तीन

वाण्याच्या गल्ल्याजवळचा छोटा कॅल्क्युलेटर आठवा. बटणांच्या वर काळपट पट्टी असते. दुकानात उन्हाची तिरीपही येत नाही, तरी ट्यूबलाइटच्या उजेडावर त्याचे हिशेब बिनचूक चालतात. ही करामत त्या पट्टीतल्या अस्फटिकी सिलिकॉनच्या पातळ थराची. जपानच्या सान्यो कंपनीने १९८० मध्ये असे सौरघट बाजारात आणले.

गच्चीवर नेहमी दिसणाऱ्या पॅनेलमध्ये स्फटिकी सिलिकॉनची दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची चकती असते. अस्फटिकी थर एका मायक्रॉनहूनही पातळ पुरतो. मात्र उन्हातला लाल आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश त्यातून निसटून जातो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या संशोधकाने त्यावर तोडगा काढला. महाविद्यालयीन पदवी नसलेल्या या माणसाच्या कंपनीने स्टेनलेस स्टीलच्या लांबच लांब गुंडाळीवर एकावर एक तीन सौरघट चढवले. वरचा थर निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा आणि खालचा लाल. खालच्या दोन थरांत त्यासाठी जर्मेनियम मिसळलेले असते.

पण हे तिघे एकाच साखळीत जोडलेले असतात. विहिरीपासून घरापर्यंत रांगेने घागरी पोचवताना सर्वांत संथ माणूसच साऱ्या रांगेचा वेग ठरवतो, तसेच इथे घडते. संध्याकाळी किरण हवेतून लांबचा प्रवास करतात, निळा प्रकाश वाटेत विखुरतो. मग वरचा थर उपाशी राहतो आणि उरलेल्या दोघांना अडवून धरतो. आभाळ भरून आले, की निळ्याचे प्रमाण वाढते आणि खालचा थर मागे पडतो.

कडक उन्हाळ्यात मात्र या पॅनेलची बाजू वरचढ ठरते. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर स्फटिकी पॅनेलची वीज सुमारे १६ टक्क्यांनी घटते. अस्फटिकीची त्याच्या निम्म्यानेच.

तरीही ही पॅनेल मागे पडली. त्यांची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आतच राहिली, म्हणून तेवढ्याच विजेसाठी दुप्पट जागा लागे. त्यातच स्फटिकी पॅनेल झपाट्याने स्वस्त झाली. ओव्हशिन्स्कींनी स्थापन केलेल्या कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

थरांची कल्पना मात्र जिवंत आहे. स्फटिकी सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा पातळ थर देऊन प्रयोगशाळांनी ३४ टक्क्यांची मजल ओलांडली आहे. रांगेतल्या सर्वांत संथ गड्याचा नियम तिथेही सुटलेला नाही.

म्हणून विक्रेता ‘ढगाळ हवेतही चालते’ म्हणाला, तर ‘किती चालते?’ असे जरूर विचारावे. प्रकाशच कमी असेल, तर कोणताही थर वीज कोठून आणणार? पॅनेलवर छापलेले वॅट भर उन्हातले असतात. घरखर्चाच्या हिशेबात धरायचे, ते वर्षभरात पडणारे युनिट.