पहिले दीड हजार किलोमीटर पंपावरच्या डिझेलवर

नव्या डिझेल इंजिनाच्या सिलिंडरची भिंत हाताला गुळगुळीत लागते. पण तिरप्या उजेडात पाहिली तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. कारखान्यात त्या मुद्दाम ओढलेल्या असतात. रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहते आणि त्यांचे उंचवटे पिस्टनच्या रिंगा घासत घासत सपाट करतात. रिंग आणि भिंत अशी एकमेकांना बेतून बसली, की इंजिन 'मोकळे झाले' असे मेकॅनिक म्हणतात. यातले बरेचसे काम पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये होते. ते नीट झाले नाही, तर गाडी पुढे आयुष्यभर ऑइल पिते आणि निळसर धूर सोडते.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती जळणाऱ्या इंधनाच्या दाबाने. म्हणून नवी गाडी फार जपून चालवणेही वाईट आणि पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकून पिदाडणेही वाईट. चंद्रपूर जिल्ह्यातले मूल हे धानाचे आणि राइस मिलचे गाव. इथे पिकअपमध्ये पोती चढेपर्यंत इंजिन चालूच ठेवण्याची सवय नव्या गाडीला बाधते, कारण थंड, बिनभाराच्या इंजिनात दाब पुरेसा तयार होत नाही आणि भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर बसतो. त्यापेक्षा चिचपल्लीच्या जंगलातून चंद्रपूरकडे किंवा सावलीवरून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता बरा. इंजिन पुरते तापते आणि वळणे, गावे, जनावरे यांमुळे वेग आपोआप कमी-जास्त होत राहतो.

आता इंधनाचे. वनस्पती तेलाची मिथेनॉलशी अल्कलीच्या साहाय्याने प्रक्रिया केली, की ग्लिसरीन वेगळे होऊन तळाशी बसते आणि वर पातळ बायोडिझेल उरते. ते डिझेलपेक्षा जास्त वंगणदार असते. त्यामुळे रिंगा बसायला वेळ लागतो, अशी एक समजूत आहे. तिच्यात फारसे तथ्य नाही. इंधनाच्या वंगणाचा उपयोग मुख्यतः पंप आणि इंजेक्टर यांना होतो. रिंगांना वंगण मिळते ते इंजिन ऑइलचे.

खरा धोका दुसरीकडे आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. तो भरला, की काजळी जाळण्यासाठी बहुतेक गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडले जाते. त्यातले थोडे भिंतीवर चिकटते आणि ओघळून ऑइलमध्ये उतरते. साध्या डिझेलचा हलका भाग गरम ऑइलमधून पुन्हा उडून जातो. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू मात्र वरच्या टोकाला, साधारण ३३० ते ३५० अंश सेल्सिअस, असल्याने ते ऑइलमध्येच साचते आणि ऑइल पातळ होते. रिंगा बसत असताना, सिलिंडरच्या भिंतीवरचे धातूचे बारीक कण ऑइलमध्ये येत असताना ऑइल पातळ होणे सर्वांत महागात पडते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेपलीकडे चढलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते.

यावरून बायोडिझेलच वाईट, असे ठरत नाही. २००४ साली डायमलर-क्रायस्लरच्या मर्सिडीज सी-क्लास गाडीने मोगली एरंडाच्या बायोडिझेलवर देशभरात सुमारे ५,९०० किलोमीटरचा प्रवास केला. ते इंधन भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तयार केले होते. इंधनाचा दर्जा खात्रीचा असेल तर इंजिन तक्रार करत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत तेल म्हटले, की मोह आठवतोच. फुलांनंतर येणाऱ्या टोळाच्या, म्हणजे मोहाच्या फळाच्या, बियांत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल असते. ते घरात खाण्यासाठी आणि दिव्यासाठी वापरत आले आहेत, आणि थंडीत ते तुपासारखे थिजते हे इथे सर्वांना ठाऊक आहे. हाच गुण इंजिनात नडतो. घाण्यावरचे कच्चे तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट दाट असते. ते टाकीत ओतले तर इंजेक्टर नीट फवारत नाही आणि रिंगांच्या खाचांत डिंकासारखा थर जमतो. बायोडिझेल करायचे, तरी मोहाच्या तेलात मुक्त स्निग्धाम्ले जास्त असल्याने अल्कली घालताच साबण होतो. म्हणून आधी आम्लाची वेगळी पायरी लागते. हे घरगुती उद्योगाचे काम नाही. शिवाय जंगलकाठच्या घरातले खायचे तेल गाडीत घालणे हा शहाणपणाही नाही.

भारतात शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे आणि पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मुभा आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. एवढ्या प्रमाणाने नव्या गाडीलाही काही होत नाही. बायोडिझेलच्या नावावर भलतीच औद्योगिक तेले विकल्याची प्रकरणे मात्र गुजरात-महाराष्ट्रात उघडकीस आलेली आहेत, आणि स्वस्ताईला भुलून नवी गाडी त्यावर चालवणे सर्वांत धोक्याचे.

तेव्हा नव्या गाडीचे पहिले दीड हजार किलोमीटर पंपावरच्या साध्या डिझेलवरच जाऊ द्यावेत. दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी आणि पहिली सर्व्हिसिंग टाळू नये. त्यानंतरही मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त बायोडिझेल घालू नये. त्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरले जात नाही.