काबेसा दे वाका : बंदिवान, वैदू आणि गव्हर्नर

'काबेसा दे वाका' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ गाईचे डोके. हसू नका, एका कुलीन घराण्याचे ते आडनाव आहे. दंतकथा अशी की, १२१२ सालच्या लढाईत एका मेंढपाळाने खिंडीची वाट कळावी म्हणून गाईची कवटी खुणेला ठेवली आणि राजा जिंकला. खरेखोटे देव जाणे! त्या घराण्यातला अल्वार नून्येस हा शिपाईगडी १५२७ साली नार्वाएसच्या मोहिमेत खजिनदार म्हणून निघाला. बरोबर पाच जहाजे आणि सुमारे सहाशे माणसे होती.

शिक्षकबंधूंनी येथे अमेरिकेचा नकाशा भिंतीवर टांगावा. १५२८ च्या एप्रिलात ही मंडळी फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली. सोन्याच्या आशेने तीनशे माणसे रानात शिरली. जहाजे सोडू नयेत, असे अल्वारने सांगून पाहिले, पण ऐकतो कोण? जहाजे चुकली ती चुकलीच. सोने नाहीच, वर ताप आणि उपासमार. मग त्यांनी काय केले, पाहा. रिकिबी, लगामाच्या कड्या वितळवून खिळे पाडले. घोड्यांच्या शेपट्यांचे दोर वळले, अंगातल्या सदऱ्यांची शिडे शिवली. दर तिसऱ्या दिवशी एक घोडा मारून खायचा आणि त्याच्या पायांच्या कातड्याची पखाल करायची! अशा पाच होड्या तयार झाल्या. वादळाने त्या फोडल्या. आजच्या टेक्सासजवळच्या एका बेटावर सुमारे ऐंशी जण जिवंत पोहोचले; हिवाळा सरला तेव्हा उरले पंधरा.

अल्वार तेथल्या मूळ रहिवाशांचा बंदा झाला. पुढे तो फेरीवाला झाला. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आत न्यायचे आणि बदल्यात कातडी, गेरू, गारगोट्या आणायच्या. टोळ्याटोळ्यांत वैर होते, पण व्यापाऱ्याला सगळीकडे वाट मोकळी. शेवटी चौघे उरले. त्यांतला एस्तेबानिको हा मोरोक्कोचा गुलाम. वाटेतल्या लोकांशी बोलणी करण्याचे काम बहुधा त्याचेच. हे चौघे मंत्र पुटपुटत, फुंकर घालीत रोग्यांना बरे करू लागले. एकाच्या छातीत रुतलेले बाणाचे टोक अल्वारने सुरीने काढून दोन टाकेही घातले म्हणतात. शेकडो लोक त्यांच्या मागून चालू लागले.

१५३६ साली मेक्सिकोच्या वायव्येला त्यांना आपलेच देशबांधव भेटले. ते गुलाम पकडीत हिंडत होते! अल्वारबरोबरच्या लोकांनाच बेड्या घालू म्हणाले. अल्वारचे त्यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले. आणि एस्तेबानिको? आठ वर्षे बरोबरीने हालअपेष्टा काढूनही तो गुलामच राहिला.

१५४० मध्ये राजाने अल्वारला दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाताचा गव्हर्नर नेमले. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून जंगलातून चालत तो १५४२ च्या मार्चमध्ये आसुन्सिओनला पोहोचला. वाटेत त्याने इग्वासूचा प्रचंड धबधबा पाहिला. ग्वारानी लोकांना छळू नये, असे हुकूम त्याने काढले. त्याला साधू मात्र समजू नका. ग्वायकुरूंवर त्याने फौज नेली, सोन्याचांदीची वाटही शोधली. पण फुकटच्या मजुरांवर पोसलेल्या वसाहतवाल्यांना ते हुकूम सोसवेनात. १५४४ च्या एप्रिलात आजारी गव्हर्नराला त्यांनी रात्री बिछान्यावरून उचलून कैद केले आणि पुढे बेड्यांसकट स्पेनला धाडले. १५५१ मध्ये त्याला शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्याच्या जागी बंडखोरांनी निवडलेला इराला काही वर्षांनी राजाच्या सनदेने रीतसर गव्हर्नर झाला.