जुन्या ग्लायडरमध्ये नवा रेडिओ बसवताना काय काय बदलावं लागतं?

माळ्यावर पडून राहिलेलं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं मॉडेल ग्लायडर खाली काढलं, की ते बरेचदा धडधाकट निघतं. बाल्साचं लाकूड कोरडं राहिलं असेल तर सांगाडा टिकतो आणि सैल पडलेलं प्लॅस्टिकचं आवरण इस्त्रीने पुन्हा ताणून बसवता येतं. वय होतं ते आतल्या रेडिओचं, बॅटरीचं आणि वायरींचं. ग्लायडरला इंजिन नसतं. हवेत सोडल्यावर त्याला वळवून आपल्या पायाशी उतरवण्याचं एकमेव साधन म्हणजे हा रेडिओ. तो बंद पडला तर दोन मीटर पंखांची वस्तू कुठे आणि कोणावर जाऊन पडेल, याचा नेम नाही.

उदाहरणादाखल अमेरिकेतल्या कार्ल गोल्डबर्ग कंपनीचं ‘जेंटल लेडी’ घेऊ. सुमारे दोन मीटर पंखांचं हे लाकडी ग्लायडर १९८०च्या दशकात अनेकांनी घरी बांधलं. त्याला नियंत्रणं दोनच: डावी-उजवीकडे वळवणारं रडर आणि नाक वर-खाली करणारं एलिव्हेटर.

त्या काळचे रेडिओ अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर, तर ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्झवर चालत. प्रत्येक संचाचा चॅनेल आतल्या क्रिस्टलवर ठरे. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले तर हवेतलं विमान गेलंच म्हणून समजा. म्हणून मैदानावर एक फळी असे. आपल्या चॅनेलची खुंटी हातात आल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि ही कटकट संपली. यात रिसीव्हरची आपल्या ट्रान्समीटरशी एकदा जोडणी केली, की तो इतर कोणाचं ऐकत नाही. भारतानेही २००५ मध्येच या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्यातून मोकळी केली.

मग नवा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर आणला की झालं? नाही. खरी मेख बॅटरीत आहे.

जुन्या ग्लायडरमध्ये निकेल-कॅडमियमचे चार सेल, म्हणजे ४.८ व्होल्टचा पॅक असतो. नुसता मीटर लावला तर तो चांगला वाटतो, पण सर्व्होंनी एकदम ओढ लावली की त्याचा व्होल्टेज कोसळतो. अशा वेळी जुना रिसीव्हर थोडा अडखळे आणि पुन्हा चालू लागे. नवा रिसीव्हर म्हणजे छोटा संगणकच. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद पडून नव्याने सुरू होतो आणि तेवढा वेळ ग्लायडर कोणाच्याच ताब्यात नसतं. जुना पॅक ठेवून नवा रिसीव्हर बसवणं, हे माझ्या मते काहीच न बदलण्यापेक्षा वाईट. पॅकपासून स्विचपर्यंतची काळी वायर जरा सोलूनही पाहा. आतलं तांबं काळं किंवा हिरवं पडलं असेल तर स्विचसकट सगळं फेकून द्या.

नवा पॅक निकेल-मेटल हायड्राइडचा, चार सेलचाच घ्यावा. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देते, तर जुने सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टसाठी बनवलेले असतात. मध्ये रेग्युलेटर नसेल तर ते जळतात.

दुसरी गोष्ट वजनाची. नाकातला जुना पॅक साधारण १०० ग्रॅमचा असतो आणि तो नाकाला तोलही देत असतो. त्याजागी हलकी बॅटरी बसवली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. शेपूट जड झालेलं ग्लायडर नाक वर करत वेग गमावतं आणि गटांगळ्या खातं. तोल नकाशावरच्या खुणेवरच यायला हवा. त्यासाठी शिसं भरण्यापेक्षा जास्त क्षमतेचे, म्हणजेच जड सेल घ्यावेत. वजन तेवढंच, उड्डाणाचा वेळ मात्र वाढतो.

जुने सर्व्हो बहुतेक वेळा नव्या रिसीव्हरवर चालतात. काही जुन्या प्लगमध्ये तारांचा क्रम वेगळा असतो, तेवढा तपासून मगच जोडा.

अँटेनाबाबत लाकडी ग्लायडर नशीबवान. पूर्वीची जवळजवळ मीटरभर लांब वायर जाऊन तिथे सुमारे तीन सेंटिमीटरची टोकं येतात. दोन असतील तर ती एकमेकांशी काटकोनात ठेवायची. लाकडातून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सहज जातात. कार्बन फायबर मात्र वीजवाहक असल्याने त्या अडवतं. धड कार्बनचं असेल तर अँटेनाची टोकं बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

राहिला फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते. इंजिनाच्या विमानात तो इंजिन बंद करतो. इथे बंद करायला इंजिनच नाही. म्हणून रडर किंचित एका बाजूला वळलेलं राहील असं ठरवून द्यावं. ग्लायडर घिरट्या घालत जवळपासच उतरतं, सरळ रेषेत वस्तीवर जात नाही.

उडवण्याआधी ट्रान्समीटर कमी शक्तीच्या रेंज-चाचणीवर ठेवून, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावरून दोन्ही नियंत्रणं हलवून पाहावीत. त्यानंतर वारा पडलेला असताना, उंच गवतावर, खांद्याच्या उंचीवरून हाताने सरळ सोडावं. रबराच्या दोरीने वर चढवण्याआधी अशी चार-पाच सोडणी पुरतात. ट्रिम त्यातच लागून जातं.