‘थ्रोज’ कशासाठी लिहायचे?

जावा शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत ‘थ्रोज आयओएक्सेप्शन’ हे शब्द वारंवार दिसतात. बहुतेकांनी ते पाठच केलेले असतात. का लिहायचे, असे विचारले की गडबड उडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, गुणांची फाइल वाचून निकालपत्रक छापणारा प्रोग्रॅम आपण लिहिला. वाचण्याचे काम एका मेथडकडे सोपवले. फाइल जागेवर नसेल, किंवा निम्मी वाचून होताच कोणी पेनड्राइव्ह उपसला, तर तिने काय करावे? फाइलचे नाव पुन्हा विचारायचे की काम थांबवायचे, हे तिला काम सांगणाऱ्या मेथडने ठरवायचे असते. म्हणून ती पहिल्याच ओळीत ‘थ्रोज’ लिहून जाहीर करते की, अशी अडचण येऊ शकते, तयारी ठेवा. बाजारात निघालेला मुलगा दारातच विचारतो ना, ‘दुकान बंद असलं तर?’

कंपायलर येथे कडक असतो. काम सांगणाऱ्या मेथडने ‘ट्राय-कॅच’ने अडचण हाताळावी, नाहीतर स्वतःही ‘थ्रोज’ लिहून ती वर कळवावी. दोन्ही नसेल तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. शून्याने भागणे, ॲरेबाहेरचा क्रमांक मागणे यांना ही सक्ती नाही. त्या चुका प्रोग्रॅमरने मुळातच टाळायच्या.

सक्तीला कंटाळून मुले (आणि मोठेही!) पळवाट काढतात. ‘कॅच’चा महिरपी कंस रिकामाच ठेवतात. कंपायलर गप्प बसतो. पण जावात पूर्णांकांच्या ॲरेत सुरुवातीला सगळीकडे शून्य असते. फाइल मिळाली नाही तरी प्रोग्रॅम पुढे जातो आणि प्रत्येक नावापुढे शून्य छापून मोकळा होतो. एकाच नावापुढे तसे छापले गेले, तर त्या मुलाच्या घरी संध्याकाळी काय होईल? त्यापेक्षा निकालपत्रक न निघालेले बरे.

सी-शार्प आणि कॉटलिन या भाषांत ही सक्ती नाही. सी-शार्पचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी २००३ मधील एका मुलाखतीत, सक्तीमुळे लोक अडचण हाताळण्याऐवजी गिळून टाकतात, असाच आक्षेप घेतला होता. तो खोटा नाही. तरी शिकणाऱ्यांना सक्ती असावी, असे आम्हांला वाटते. तिच्यामुळे ‘फाइल नसेल तर?’ हा प्रश्न निदान एकदा समोर येतो.

उत्तर सुचत नसेल, तर सरावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘मेन’ मेथडलाच ‘थ्रोज’ लावावे. फाइल नसली की प्रोग्रॅम थांबेल आणि कोणत्या ओळीवर अडला, तेही पडद्यावर सांगेल.