मार्कांपलीकडचं मूल

"बाई, पोराले किती मार्क पडले?" वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पालक हेच विचारतात. मी पहिली-दुसरीला शिकवते. उद्या त्या मुलाला काय शिकवायचं, हे मार्कांवरून मला कळत नाही.

म्हणूनच २०१० साली राज्यात आलेलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन मला मोलाचं वाटतं. त्यात पहिली-दुसरीसाठी ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला दिला. आकारिक म्हणजे शिकवतानाच होणारी पारख: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती.

दुसरीतल्या एका मुलीने ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलं. मी तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "सतरा दे." तिने एक गठ्ठा सोडला, सतरा मोजून दिल्या, उरलेल्या पंचवीस सांगितल्या. म्हणजे वजाबाकी तिला कळली होती; हातचा घेऊन मांडणं राहिलं होतं. नोंदवहीत तेवढंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात केली.

हातांनी काम करत शिकण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये इथल्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामचं आनंद निकेतन विद्यालय आजही ती वाट चालतं.

पालकांनो, मार्क जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, "माझ्या लेकराला काय जमतं, आणि कुठं अडतं?"