जेवढे झिरपेल तेवढेच: नहर-ए-अंबरीची हिकमत

औरंगाबादला गेलो की आपण मुलाबाळांना पाणचक्की दाखवतो. हौदातले मासे बघायचे, फोटो काढायचे, निघायचे. पण हे पाणी इथवर येते कसे, असे एखाद्या पोराने विचारले तर? म्हणून आम्ही थोडक्यात सांगतो.

हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद. जवळ मोठी नदी नव्हती, म्हणून त्याने उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूने जमिनीखाली नहर खोदवली. पावसाचे मुरलेले पाणी भुयारात झिरपते आणि उताराने शहरात येते. मोट नाही, बैल नाही. वाटेत ठिकठिकाणी उंच बंबे. त्यात पाणी वर चढते, कोंडलेली हवा निघून जाते, गाळ तळाशी बसतो. पुढे खापरी नळ.

पाणचक्कीची नहर नंतरची आणि वेगळी, पण हिकमत तीच. वरून पडणाऱ्या पाण्याने चक्की फिरायची आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावरच्या फकिरांचे, मुसाफिरांचे, तालिब-इल्मांचे दळण व्हायचे. तेच पाणी मग हौदात. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे गारवा! हौद भरून वाहिला की पाणी खाम नदीला. एका पाण्याची एवढी कामे.

आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. नहर आपल्या पातळीच्या खालचे पाणी ओढूच शकत नाही. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि माणसाला आपोआप हात आखडावा लागतो. बोअरवेलला असा लगाम नाही. खाली गेलेले पाणी ती आणखी खालून उपसते आणि आटल्यावरच आपल्याला कळते.

नहरीवर आज घरे, रस्ते झाले. कुठे नळ फुटले, कुठे गटाराचे पाणी शिरते. वर सिमेंट झाले की पाणी मुरणार कुठून?

ही दुरुस्ती सरकारचे आणि जाणकारांचे काम, हे खरे. पण मशिदीच्या आवारात नवी बोअर घ्यायची ठरली, तर कमिटीने आधी छताचे पावसाचे पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून जमिनीत सोडावे. वजूचे पाणी गटारात न जाता झाडांना जाईल, एवढा एक पाइपही त्याच वेळी टाकून घ्यावा.