वनस्पतीचा अर्क सुरक्षित आहे का, हे मानवी पेशींवर कसं तपासतात?

कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खात्री केली नव्हती, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं.

म्हणूनच प्रयोगशाळेतही सुरुवात वनस्पतीची ओळख पटवण्यापासून होते. मग ती वाळवून, पूड करून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात.

पेशी कुठून येतात?

यकृतावरच्या परिणामासाठी बऱ्याचदा ‘हेप-जी-२’ या मानवी पेशी वापरतात. त्या एका रुग्णाच्या यकृतातल्या गाठीपासून वाढवलेल्या आहेत. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था (एनसीसीएस) देशभरातल्या संशोधकांना अशा पेशी पुरवते.

चाचणी कशी होते?

९६ छोटे खळगे असलेल्या प्लेटमध्ये पेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात. काही खळग्यांत अर्काचे कमी-जास्त डोस घालतात. काहींत फक्त अर्क विरघळवलेला द्रव घालतात, तर काही तशाच ठेवतात. एक ते तीन दिवसांनी ‘एमटीटी’ हा पिवळा पदार्थ घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत. निम्म्या पेशी कोणत्या डोसला तग धरत नाहीत, हे यावरून काढतात.

इथे एक गफलत होऊ शकते. काही अर्क पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात. त्यामुळे अर्क आणि एमटीटी असा पेशी नसलेला खळगाही तपासावा लागतो. नाहीतर मेलेल्या पेशी ‘जिवंत’ दिसतील.

चाचणीत पास म्हणजे सुरक्षित?

नाही. पेशींवर अर्क थेट ओततात. आपण घेतलेला काढा मात्र आधी पचतो, आतड्यातून शोषला जातो आणि यकृतात त्याचं रूप बदलतं. काही वनस्पतींमधले घटक यकृतात बदलल्यावरच विषारी होतात. हेप-जी-२ पेशींमध्ये हे बदल घडवणारी एन्झाइम्स कमी असतात, त्यामुळे असा धोका निसटू शकतो. म्हणून पुढे प्राण्यांवर आणि मग माणसांवर चाचण्या लागतात.

‘कॅन्सरच्या पेशी मारते’ या मेसेजचं काय?

प्लेटमधल्या पेशी ब्लीचनेही मरतात. त्यामुळे असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा: डोस किती होता? त्याच डोसला निरोगी पेशी जगल्या का? माणसांवर चाचणी झाली का? उत्तरं नसतील, तर मेसेज पुढे पाठवू नका. आणि काढा घेत असाल, तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.